होमॉलॉजिकल बीजगणित

होमॉलॉजिकल बीजगणित ही आधुनिक बीजगणिताची एक शाखा आहे. बीजगणितीय रचनांच्या साखळ्या आणि त्या साखळ्यांमधून मिळणारे होमॉलॉजी गट यांचा अभ्यास या शाखेत केला जातो. तिचा उगम संस्थितिविज्ञानात, म्हणजे टॉपॉलॉजीत, झाला. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिला स्वतंत्र विषयाचे रूप आले. आज बैजिक भूमिती, अंकशास्त्र, गट सिद्धांत आणि गणितीय भौतिकी या क्षेत्रांत तिचा नित्य उपयोग होतो.

या शाखेचा मध्यवर्ती प्रश्न थोडक्यात असा मांडता येतो: एखादी गणिती क्रिया अपेक्षित गुणधर्म टिकवत नसेल, तर ती नेमकी किती आणि कोणत्या प्रकारे अपयशी ठरते? हे अपयश मोजणारे गट तयार करणे हे होमॉलॉजिकल बीजगणिताचे मुख्य कार्य होय. नवशिक्या विद्यार्थ्यास हा विषय व्याख्यांचा ढीग वाटण्याचा संभव असतो, कारण अनेक पाठ्यपुस्तके साधनांपासून आरंभ करतात आणि ती साधने ज्या प्रश्नांसाठी घडली ते प्रश्न मागे पडतात.

मूलभूत संकल्पना

गाभा, प्रतिमा आणि यथातथ क्रमिका

या लेखातील बहुतेक उदाहरणे क्रमनिरपेक्ष गटांची आहेत. ज्या गटात बेरजेचा क्रम बदलल्याने उत्तर बदलत नाही तो क्रमनिरपेक्ष गट होय. पूर्णांकांचा गट येथे 'पू' या चिन्हाने दर्शविला आहे. २ ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांचा गट 'पू/२', १० ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांचा गट 'पू/१०', याप्रमाणे इतर गट लिहिले आहेत.

अ या गटाकडून ब या गटाकडे जाणारे, बेरीज टिकवणारे चित्रण घेतल्यास दोन उपगट मिळतात. अ मधील ज्या घटकांचे चित्रण शून्यावर होते, त्यांचा समूह म्हणजे त्या चित्रणाचा गाभा. ब मधील ज्या घटकांपर्यंत चित्रण पोहोचते, त्यांचा समूह म्हणजे प्रतिमा. अ → ब → क अशी दोन लागोपाठची चित्रणे असताना पहिल्याची प्रतिमा आणि दुसऱ्याचा गाभा तंतोतंत एकच असतील, तर ती क्रमिका ब या ठिकाणी यथातथ आहे असे म्हणतात.

सर्वांत महत्त्वाचा प्रकार लघु यथातथ क्रमिकेचा आहे:

० → अ → ब → क → ०

या एका ओळीत तीन विधाने सामावलेली आहेत. अ हा ब मध्ये एकास-एक रीतीने बसतो. ब चे चित्रण संपूर्ण क व्यापते. आणि ब ला अ ने भागल्यास क मिळतो. म्हणजे ब हा गट अ आणि क या दोन भागांपासून घडलेला आहे. परंतु हे भाग कोणत्या रीतीने जोडले गेले आहेत, हे ही ओळ सांगत नाही. विषयातील अनेक प्रश्न येथूनच सुरू होतात.

शृंखला संकुल

स३ → स२ → स१ → स० अशी गटांची साखळी घेतली आणि कोणतीही दोन लागोपाठची चित्रणे केल्यावर उत्तर शून्य येत असेल, तर त्या साखळीस शृंखला संकुल म्हणतात. अशा वेळी प्रत्येक ठिकाणी येणाऱ्या चित्रणाची प्रतिमा ही जाणाऱ्या चित्रणाच्या गाभ्यात सामावलेली असते. ती गाभ्याएवढी असेलच असे नाही. गाभ्यास प्रतिमेने भागल्यावर मिळणारा गट म्हणजे त्या ठिकाणचा होमॉलॉजी गट. हा गट शून्य असेल तर संकुल त्या ठिकाणी यथातथ असते. शून्य नसेल तर यथातथतेत किती उणीव आहे, हे तो गट दर्शवितो.

भूमितीतील उदाहरण: त्रिकोण

व्याख्येमागील कल्पना त्रिकोणाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. अ, ब, क हे शिरोबिंदू असलेला, केवळ तीन बाजूंनी बनलेला पोकळ त्रिकोण घ्यावा. अ कडून ब कडे जाणाऱ्या बाजूची सीमा 'ब − अ' अशी लिहितात, म्हणजे शेवटच्या बिंदूतून पहिला बिंदू वजा करतात. आता तिन्ही बाजूंनी एक फेरी घेतल्यास सीमांची बेरीज (ब − अ) + (क − ब) + (अ − क) अशी होते आणि ती शून्य येते. ज्या मार्गाची सीमा शून्य येते त्यास चक्र म्हणतात.

त्रिकोण पोकळ असेल तर हे चक्र कोणत्याही पृष्ठाची सीमा नसते. त्यामुळे पहिला होमॉलॉजी गट पू येतो आणि आकृतीत एक छिद्र आहे, हे त्यावरून कळते. त्रिकोण आतून भरलेला असेल तर तेच चक्र त्या पृष्ठाची सीमा ठरते, ते भागाकारात नाहीसे होते आणि गट शून्य येतो. सीमेची सीमा शून्य असते, हा येथील भौमितिक नियमच शृंखला संकुलाच्या व्याख्येत बीजगणिताच्या भाषेत उतरला आहे.

साधित फंक्टर

एका प्रकारच्या गणिती रचनांना दुसऱ्या प्रकारच्या रचना आणि एका बाजूच्या चित्रणांना दुसऱ्या बाजूची चित्रणे सुसंगतपणे जोडून देणाऱ्या नियमास फंक्टर म्हणतात. अनेक उपयुक्त फंक्टर लघु यथातथ क्रमिका पूर्णपणे टिकवत नाहीत. जे हरवते त्याचा हिशेब ठेवण्यासाठी साधित फंक्टरांची योजना आहे.

टॉर

० → पू → पू → पू/२ → ० ही क्रमिका घ्यावी. यात पहिले चित्रण प्रत्येक पूर्णांकास २ ने गुणते. हे चित्रण एकास-एक आहे, कारण दुप्पट शून्य असलेला पूर्णांक केवळ शून्य होय. आता संपूर्ण क्रमिकेचा पू/२ शी टेन्सर गुणाकार केल्यास दोन्ही पू च्या जागी पू/२ येतो. परंतु पू/२ मध्ये कोणत्याही घटकाची दुप्पट शून्यच असते. म्हणून पूर्वी एकास-एक असलेले चित्रण आता सर्व काही शून्यावर नेते. क्रमिकेचे उजवे टोक शाबूत राहते, पण डाव्या टोकाशी यथातथता नष्ट होते. या नष्ट झालेल्या भागाची नोंद म्हणजे पू/२ आणि पू/२ यांचा टॉर गट. तो पू/२ इतका येतो. सामान्यतः पू/म आणि पू/न यांचा टॉर गट म्हणजे म आणि न यांच्या मसाविने भागून उरणाऱ्या बाक्यांचा गट होय.

एक्स्ट आणि बेरजेतील हातचा

दोन गट दिलेले असता त्यांच्यापासून मोठा गट किती वेगवेगळ्या रीतींनी घडवता येतो, याचे उत्तर एक्स्ट गट देतो. याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण प्राथमिक शाळेतील बेरजेत सापडते.

० ते ९९ या संख्यांची बेरीज करून शंभरावर गेलेला भाग सोडून दिल्यास पू/१०० हा गट मिळतो. यातील प्रत्येक संख्येत एक दशकाचा अंक आणि एक एककाचा अंक असतो. दशकांचा उपगट पू/१० सारखा आहे आणि त्याने भागल्यावर उरणारा एककांचा गटही पू/१० आहे. म्हणजे ० → पू/१० → पू/१०० → पू/१० → ० अशी लघु यथातथ क्रमिका तयार होते. एकक आणि दशक वेगवेगळे मिळवले आणि हातचा घेतलाच नाही, तर पू/१० ⊕ पू/१० हा निराळा गट मिळतो. दोन्ही गटांचे भाग तेच आहेत. फरक आहे तो हातच्याचा.

हातचा हे दोन अंकांवरून ठरणारे फलन आहे: बेरीज १० किंवा अधिक असेल तर १, अन्यथा ०. हे फलन एक अट पाळते. ७, ८ आणि ६ मिळवताना प्रथम ७ आणि ८ घेतल्यास १ हातचा येतो, उरलेल्या ५ मध्ये ६ मिळवल्यावर पुन्हा १ येतो, एकूण २. प्रथम ८ आणि ६ घेतल्यास १ हातचा येतो, उरलेल्या ४ मध्ये ७ मिळवल्यावर पुन्हा १ येतो, एकूण २ च. तीन संख्या कोणत्याही क्रमाने जोडल्या तरी हातच्यांची बेरीज सारखी राहते, या अटीस सहचक्राची अट म्हणतात. म्हणजे हातचा हा गटांच्या कोहोमॉलॉजीतील एक सहचक्र होय.

एककांसाठी ० ते ९ हे अंक वापरण्याऐवजी दुसरे प्रतिनिधी निवडून हातचा टाळता येईल का, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. उत्तर नकारार्थी आहे. हातचा टाळता आला असता तर पू/१०० आणि पू/१० ⊕ पू/१० हे एकरूप ठरले असते. परंतु दुसऱ्या गटातील कोणताही घटक दहा वेळा मिळवल्यास शून्य येतो, तर पू/१०० मध्ये १ दहा वेळा मिळवल्यास १० येतात. हातच्याची ही अपरिहार्यता एक्स्ट गटातील शून्येतर घटकाने व्यक्त होते. पू/१० आणि पू/१० यांचा एक्स्ट गट पू/१० असून हातचा त्याचा जनक आहे.

रिझोल्यूशन

साधित फंक्टर काढण्यासाठी दिलेल्या रचनेऐवजी सोप्या रचनांची साखळी वापरतात. तिला रिझोल्यूशन म्हणतात. वलयावरील सदिश अवकाशासारख्या रचनेस मोड्यूल म्हणतात. मोड्यूल प्रथम जनकांनी मांडले जाते, मग त्या जनकांमधील संबंधांनी, मग त्या संबंधांमधील संबंधांनी. उदाहरणार्थ, क्ष आणि य या दोन चलांच्या बहुपदींच्या वलयात ज्या बहुपदींचे स्थिर पद शून्य आहे, त्या सर्व क्ष आणि य या दोन जनकांपासून मिळतात. परंतु हे जनक परस्परांपासून स्वतंत्र नाहीत: क्ष ला य ने गुणले काय किंवा य ला क्ष ने गुणले काय, उत्तर एकच येते. हा एक संबंध मिळाल्यावर प्रक्रिया थांबते, कारण त्या एकट्या संबंधावर आणखी संबंध नाही.

ही प्रक्रिया नेहमी थांबते का, या प्रश्नाचे बहुपदींसाठीचे उत्तर डेव्हिड हिल्बर्ट यांनी १८९० मध्ये दिले. त्यांच्या सिझिजी प्रमेयानुसार बहुपदींचे सांत जनक असलेले मोड्यूल घेतल्यास चलांच्या संख्येइतक्या पायऱ्यांच्या आत प्रक्रिया थांबवता येते. एकाच मोड्यूलाची रिझोल्यूशने अनेक असू शकतात, तरी त्यांवरून काढलेले टॉर आणि एक्स्ट गट सारखेच येतात. हे प्रमेय विषयाच्या पायाशी आहे.

इतिहास

बहुफलकाचे शिरोबिंदू, कडा आणि पृष्ठे यांच्या संख्यांतील संबंध लिओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात मांडला. घनाच्या बाबतीत ८ − १२ + ६ = २ हे त्याचे परिचित रूप आहे. एन्रिको बेट्टी यांनी १८७१ मध्ये आणि आंरी प्वांकारे यांनी १८९५ पासूनच्या लेखमालेत आकृतींतील छिद्रांची मोजणी पद्धतशीर केली. त्या काळी उत्तरे संख्यांच्या रूपात दिली जात. या संख्यांमागे गट आहेत आणि त्या गटांचाच अभ्यास करावा, ही दृष्टी १९२० च्या दशकात एमी नोएदर यांनी दिली.

१९४१ मध्ये सॉन्डर्स मॅक लेन यांनी मिशिगन येथे गटांच्या विस्तारांवर व्याख्याने दिली. त्यांतील एका गणिताचे उत्तर नॉर्मन स्टीनरॉड यांनी संस्थितिविज्ञानात काढलेल्या उत्तराशी जुळते, हे श्रोत्यांतील सॅम्युएल आयलेनबर्ग यांच्या ध्यानी आले. या योगायोगाचे कारण शोधताना दोघांचा १९४२ चा गट-विस्तार आणि होमॉलॉजीवरील शोधनिबंध सिद्ध झाला. 'स्वाभाविक' चित्रण म्हणजे काय, हे नेमके सांगण्यासाठी त्यांनी १९४५ मध्ये कॅटेगरी सिद्धांताची पायाभरणी केली.

याच सुमारास फ्रेंच गणिती जाँ लरे हे दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रियातील युद्धकैद्यांच्या छावणीत होते. १९४० ते १९४५ या बंदिवासात त्यांनी केलेल्या कामातून शीफ आणि स्पेक्ट्रल क्रमिका या संकल्पना उदयास आल्या. 'यथातथ क्रमिका' या संज्ञेचे इंग्रजी मूळ केली आणि पिचर यांच्या १९४७ च्या निबंधात आढळते.

आंरी कार्तां आणि आयलेनबर्ग यांच्या १९५६ च्या 'होमॉलॉजिकल आल्जिब्रा' या ग्रंथाने विषयाला नाव आणि चौकट दिली. तोपर्यंत गट, ली बीजगणिते आणि साहचर्य बीजगणिते यांच्यासाठी स्वतंत्रपणे मांडलेले सिद्धांत या ग्रंथात साधित फंक्टरांच्या एकाच कल्पनेखाली आले. १९५७ मध्ये अलेक्झांडर ग्रोथेंडिक यांचा दीर्घ निबंध जपानमधील 'तोहोकु' गणित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ही चौकट शीफांपर्यंत विस्तारली गेली. पुढे ग्रोथेंडिक आणि त्यांचे विद्यार्थी जाँ-लुई व्हेर्दिए यांनी साधित कॅटेगरींची संकल्पना विकसित केली.

मुंबईतील संशोधन

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. जाँ-पिएर सेर यांनी १९५५ मध्ये एक प्रश्न उपस्थित केला होता: क्षेत्रावरील बहुपदींच्या वलयावर सांत जनक असलेले प्रत्येक प्रक्षेपी मोड्यूल मुक्त असते का? मुक्त मोड्यूल म्हणजे एकमेकांवर संबंध नसलेले जनक असलेले मोड्यूल, आणि प्रक्षेपी मोड्यूल म्हणजे मुक्त मोड्यूलाचा सरळ बेरजेतील एक हिस्सा. दोन चलांसाठी याचे होकारार्थी उत्तर या संस्थेतील सी. एस. शेषाद्री यांनी १९५८ मध्ये दिले. कितीही चलांसाठीची सिद्धता १९७६ मध्ये डॅनियल क्विलेन आणि आंद्रेई सुस्लिन यांनी स्वतंत्रपणे शोधली. त्याच वर्षी संस्थेतील आर. परिमला यांनी वर्गात्मक रूपांसाठी असेच विधान खरे ठरत नाही, हे उदाहरणाने दाखविले. क्रमनिरपेक्ष बीजगणितातील होमॉलॉजिकल पद्धतींवर एस. राघवन, बलवंत सिंग आणि आर. श्रीधरन यांनी लिहिलेली पुस्तिका संस्थेच्या मालिकेत १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली.

अध्ययन

पूर्वतयारी

विषयाच्या आरंभी रेषीय बीजगणित, गट, वलय आणि मोड्यूल यांचे ज्ञान आवश्यक असते. संस्थितिविज्ञान तर्कदृष्ट्या अनिवार्य नसले, तरी लहान आकृतींचे होमॉलॉजी गट हाताने काढलेल्या विद्यार्थ्यास व्याख्यांमागील हेतू लवकर उमगतो. कॅटेगरी सिद्धांताच्या केवळ प्राथमिक संज्ञा सुरुवातीस पुरतात. त्रिकोण, गोल आणि कंकणाकृती पृष्ठ यांची होमॉलॉजी, मग पूर्णांकांवरील टॉर आणि एक्स्ट, त्यानंतर सर्वसाधारण साधित फंक्टर आणि शेवटी स्पेक्ट्रल क्रमिका व साधित कॅटेगरी, असा क्रम सोयीचा ठरतो.

सामान्य अडचणी

पहिली अडचण सदिश अवकाशांच्या सवयीतून येते. तेथे प्रत्येक लघु यथातथ क्रमिकेतील मधला अवकाश दोन टोकांच्या सरळ बेरजेशी एकरूप असतो. त्यामुळे गटांच्या बाबतीतही तसेच गृहीत धरले जाते. पू/१०० चे वरील उदाहरण हा गैरसमज दूर करते.

दुसरी अडचण विस्तार आणि मधला गट यांच्या गल्लतीची आहे. पू/३ आणि पू/३ यांच्या एक्स्ट गटात तीन घटक आहेत, पण मधल्या जागी येऊ शकणारे गट दोनच आहेत: पू/३ ⊕ पू/३ आणि पू/९. पू/९ हा दोन भिन्न विस्तारांत येतो. एक्स्ट गट मधल्या गटाबरोबरच त्यातील चित्रणेही विचारात घेतो, हे यावरून दिसते.

तिसरी अडचण आकृतींच्या पाठलागाची आहे. सर्प प्रमेय, पंच प्रमेय यांसारखी विधाने बाणांच्या आकृतीत एकेक घटक पुढे-मागे नेऊन सिद्ध केली जातात. अशी सिद्धता वाचून फारशी उमगत नाही. स्वतः केल्यावर मात्र ती बहुतांशी यांत्रिक असल्याचे ध्यानात येते, कारण प्रत्येक टप्प्यावर करण्याजोगी गोष्ट बहुधा एकच असते. सर्ज लँग यांनी १९६५ च्या 'आल्जिब्रा' या पाठ्यपुस्तकात या विषयावरील कोणतेही पुस्तक घेऊन त्यातील प्रमेये सिद्धता न पाहता सिद्ध करावीत, असा स्वाध्याय दिला होता. तो विनोद म्हणून प्रसिद्ध असला, तरी आरंभीच्या प्रमेयांपुरता तो व्यवहार्य आहे. १९८० च्या 'इट्स माय टर्न' या अमेरिकी चित्रपटाच्या आरंभी नायिका वर्गात सर्प प्रमेयाची सिद्धता फळ्यावर मांडते.

चौथी अडचण प्रेरणेच्या अभावाची होय. रिझोल्यूशन कशासाठी काढायचे हे ठाऊक नसताना त्याच्या अस्तित्वाची सिद्धता निरर्थक वाटते. प्रत्येक नव्या फंक्टरासाठी तो कोणती यथातथता हरवतो, हे एका लहान उदाहरणात तपासल्यास ही अडचण बऱ्याच अंशी दूर होते.

पाठ्यपुस्तके

मॅक लेन यांचे 'होमॉलॉजी' (१९६३), हिल्टन आणि स्टामबाख यांचे पाठ्यपुस्तक (१९७१), जोसेफ रॉटमन यांचे पाठ्यपुस्तक (१९७९) आणि चार्ल्स वायबेल यांचे पाठ्यपुस्तक (१९९४) ही इंग्रजीतील प्रचलित पुस्तके आहेत. रॉटमन यांची मांडणी सविस्तर असून वायबेल यांची अधिक संक्षिप्त आणि व्यापक आहे. कार्तां आणि आयलेनबर्ग यांचा मूळ ग्रंथ आजही संदर्भासाठी वापरला जातो.

उपयोग

होमॉलॉजीचा उल्लेखही नसलेल्या प्रश्नांची उत्तरे या पद्धतींनी मिळाली, हे या शाखेच्या प्रसाराचे मोठे कारण आहे. वलयांच्या अभ्यासात नियमित स्थानिक वलये ही भूमितीतील गुळगुळीत बिंदूंशी संबंधित असतात. अशा वलयाचे पुन्हा स्थानिकीकरण केल्यास ते नियमितच राहते का, हा प्रश्न दीर्घकाळ सुटलेला नव्हता. ज्या नोएदरीय स्थानिक वलयावर रिझोल्यूशने ठरावीक मर्यादेत थांबतात तेच नियमित असते, हे सेर तसेच ऑसलँडर आणि बुक्सबाउम यांच्या कार्यातून १९५० च्या दशकात स्पष्ट झाले आणि त्यावरून उत्तर सहज मिळाले. अशा वलयात अविभाज्य घटकांत अवयव एकाच रीतीने पडतात, हे ऑसलँडर आणि बुक्सबाउम यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले.

अंकशास्त्रात वर्ग क्षेत्र सिद्धांताची आधुनिक मांडणी गटांच्या कोहोमॉलॉजीवर आधारलेली आहे. बैजिक भूमितीत शीफांची कोहोमॉलॉजी हे मूलभूत साधन आहे. संस्थितिविज्ञानात एका प्रकारच्या सहगुणकांवरून दुसऱ्या प्रकारच्या सहगुणकांची होमॉलॉजी काढताना टॉर आणि एक्स्ट लागतात. अलीकडच्या काळात बिंदूंच्या मोठ्या समूहातील आकार ओळखण्यासाठी विदा विश्लेषणातही होमॉलॉजी गटांचा उपयोग केला जातो.

हेही पाहा

गट सिद्धांत
वलय
कॅटेगरी सिद्धांत
बैजिक संस्थितिविज्ञान
एमी नोएदर
टाटा मूलभूत संशोधन संस्था